फियाट जी.२ : सहा प्रवासी, तीन इंजिनं

सहा प्रवाशांसाठी तीन इंजिनं म्हणजे आज उधळपट्टी वाटेल. पण १९३२ साली फियाटचं जी.२ उडालं, तेव्हा या हिशेबाला अर्थ होता. नावातला ‘जी’ म्हणजे ज्युसेप्पे गाब्रिएली, या विमानाचे अभियंते. पंख खालच्या बाजूला आणि त्यांना बाहेरून टेकू नाही की तार नाही. त्या काळात हे धाडसच होतं.

मूळ जी.२ला १३५ अश्वशक्तीची तीन फियाट ए.६० इंजिनं होती, एकूण ४०५. एक गेलं तरी २७० हाताशी राहतात. तेवढीच ताकद दोन इंजिनांत वाटली, तर एक गेल्यावर उरतात जेमतेम २०२. शिवाय ठरावीक कोनाचा प्रोपेलर बंद इंजिनावरही वाऱ्याने फिरत राहतो आणि विमानाला मागे खेचतो. नाकातलं इंजिन गेलं तर विमान सरळ तरी राहतं. बाजूचं गेलं की नाक त्याच बाजूला वळतं आणि रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) पेडलवर पाय रोवून धरावा लागतो.

याची किंमत मोजायचा तो मेकॅनिक. जी.२/४ या प्रकाराला जिप्सी मेजर इंजिनं होती: एकूण १२ सिलिंडर, २४ स्पार्क प्लग, ६ मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज देणारी यंत्रं). आणि ही इंजिनं उलटी, म्हणजे सिलिंडर खाली लटकलेले. (१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला टपाल आणलं, त्या पस मॉथ विमानाचं जिप्सी ३ इंजिनही असंच उलटं.) विमान उभं राहिलं की तेल झिरपत सिलिंडरच्या डोक्यात साचतं. तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्ट केलं तर पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो.

म्हणून आधी चाकांना अडण लावायची, दोन्ही मॅग्नेटोचे स्विच बंद करायचे, थ्रॉटल (इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) मिटायचा आणि प्रोपेलर हाताने, सावकाश, फिरण्याच्याच दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. दोन फेऱ्यांत चारही सिलिंडरचं चक्र पुरं होतं. स्विच बंद असला तरी प्रोपेलर जिवंत आहे असंच समजून उभं राहायचं. मध्येच घट्ट अडला तर जोर लावू नये, उलटाही फिरवू नये: उलट फिरवल्याने तेल इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा-इंधन नेणाऱ्या नळीत जातं आणि स्टार्ट करताच परत आत येतं. त्या सिलिंडरचा प्लग काढायचा, खाली भांडं धरायचं, फेरे पुन्हा द्यायचे आणि तेल यायचं थांबल्यावरच प्लग पुसून बसवायचा. मग हेच उरलेल्या दोन इंजिनांवर.