कॅम्परमधलं पाणी: दोन्ही नळांना कोमट

कॅम्परच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, या प्रवासात रस्त्याने नाही, पाण्याने छळलं. डोंगरातल्या मुक्कामावर सिंकच्या गरम नळाला कोमट पाणी येऊ लागलं, आणि थंड नळालाही तसंच. गिझरमधून निघणाऱ्या पाइपाला मात्र हात लावला तर चटका बसत होता. म्हणजे गिझर ठणठणीत होता. गरम-थंड पाणी वाटेत कुठेतरी मिसळत होतं.

आधी गिझरचा बायपास कॉक पाहिला. तो उघडा राहिला तर थंड पाणी गिझरला वळसा घालून थेट गरम लाइनीत शिरतं. तो बंदच होता. मग सिंकचा गरम नळ सोडून शॉवरच्या मिक्सरखाली (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाखाली) हात धरला. शॉवर बंद, तरी त्याच्याकडे जाणारा गरम पाइप बघता बघता गार पडला! शॉवर हँडलवरच्या बटणाने बंद होता, मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या होत्या. बटण फक्त तोंड बंद करतं. आत गरम-थंड एक झालेलंच असतं. चाव्या बंद करताच सिंकला कढत पाणी आलं. शॉवर कायम मिक्सरवरच बंद करा.

थंड नळाला सुरुवातीलाच थोडं गरम येऊन मग गार येत असेल, तर संशय गिझरमध्ये थंड पाणी शिरतं तिथल्या नॉन-रिटर्न वॉल्व्हवर (पाणी मागे फिरू न देणाऱ्या झडपेवर) घ्या. तापलेलं पाणी फुगून मागे सरकतं.

नळ बंद असताना रात्री पंप अधूनमधून टकटक करत असेल, तर कुठेतरी दाब उतरतोय, म्हणून तो आपोआप सुरू होतोय. प्रत्येक जॉइंटला कोरडा टिश्यू गुंडाळा, थेंबभर गळतीही त्यावर उमटते. गिझर तापताना सेफ्टी वॉल्व्हमधून (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून) चार थेंब पडले तर घाबरू नका. गार असतानाही गळत असेल तर त्यात कचरा अडकलाय. सगळं कोरडं असेल, तर पंपाच्या आतलाच वॉल्व्ह पाणी टाकीत परत सोडत असतो.

नळ फुरफुरत असेल आणि टाकीत पाणी असेल, तर टाकी ते पंप हा भाग तपासा. तिथली फट गळत नाही, हवा ओढते. बहुतेक वेळा पंपाआधीच्या कचरा अडवणाऱ्या जाळीच्या झाकणाची रबरी रिंग किंवा सैल क्लॅम्प निघतो. दोन्ही जास्तीचे जवळ ठेवा.

टाकी रिकामी करून भरलीत, तर गरम नळाला सलग धार येईपर्यंत गिझर लावू नका. पाण्याविना कोरडा एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल) जळतो. आणि गाडी हलवण्याआधी पंपाचा स्विच बंद करा, नाहीतर धक्क्याने एखादा जॉइंट निसटला की पंप सगळी टाकी गाडीतच ओततो.