सगळ्यात हळू चालणारी पुढे

डोंगरातल्या तळ्यावर आम्ही मित्रमंडळी दिवसभरासाठी गेलो की सगळ्यात हळू चालणारी व्यक्ती रांगेत सगळ्यात पुढे असते. वाटेत भेटणारे विचारतात, सोबत पहिल्यांदा येणारे तर हमखास विचारतात, की असं का? ज्याला वेग आहे त्याने पुढे जावं, बाकीचे येतील की मागून! तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

मागून येणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलंय. पूर्वी आम्हीही तसेच चालायचो. एकदा आम्ही सहाजण होतो. पाचजण झपाझप चढायचो, वळणावर सावली बघून बसायचो, पाणी प्यायचो. दहा मिनिटांनी सहावी मैत्रीण दिसायची आणि ती पोचली रे पोचली की कुणीतरी म्हणायचं, "आली, चला." प्रत्येक वळणावर हेच. पाचजणांना भरपूर विश्रांती मिळत होती. जिला तिची खरी गरज होती तिला एकदाही मिळाली नाही. चौथ्या वळणावर माझं लक्ष तिच्या बुटाकडे गेलं. नाडी सुटलेली होती आणि तिची चिखलाने भरलेली टोकं बुटात कोंबलेली होती. बांधायला थांबली असती तर आणखी मागे पडली असती, म्हणून ती तशीच चालत होती. निसटत्या दगडांवर, सुटलेल्या नाडीने!

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला नाही जमत हे, तुम्ही जा." तिला जमत होतं. आम्ही तिला जमू देत नव्हतो. त्या दिवशी सगळेच तळं न बघता परतलो.

तेव्हापासून ती पुढे. चालताना तिला बोलता आलं पाहिजे, एवढाच आमचा वेग. बोलताना धाप लागली की थांबायचं, आणि पुन्हा कधी निघायचं ते तीच सांगणार. सगळ्यात मागे वाट माहीत असलेला एकजण. ज्याचे पाय शिवशिवतात त्याच्या पाठीवर जास्तीचं ओझं. त्याला हळू चालणं सुरुवातीला खरंच जड गेलं, हे मान्य करायला हवं.

वेळेचा हिशेबही तिच्याच चालीने होतो. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा आडाखा दिला, तो आजही वापरतात : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे ७ किलोमीटर वाट आणि ७०० मीटर चढ असेल तर अडीच तासांहून थोडं जास्त. पण यात विश्रांती धरलेली नाही, आणि चाल चांगली दमदार धरली आहे. आम्ही सरळ चार तास धरतो आणि पहाटेच निघतो. उंच डोंगरात उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचा पाऊस येण्याची शक्यता वाढते. तोवर उघड्या माथ्यावरून खाली उतरलेलं बरं. परत फिरायची वेळ घरातून निघतानाच ठरते. तळं दहा मिनिटांवर असलं तरी ती बदलत नाही.

आणि ही तळी शेवटपर्यंत दिसत नाहीत. हिमनदीने डोंगराच्या कुशीत वाटीसारखा खोलगा कोरलेला असतो आणि पुढच्या बाजूला खडकाचा किंवा तिनेच आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा उंबरठा. त्यावर पाय पडेपर्यंत पलीकडे काय आहे ते कळत नाही. म्हणूनच शेवटच्या चढावर सगळ्यांना पळत सुटावंसं वाटतं.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच वाटेने गेलो. शेवटच्या चढावरही कुणी तिला ओलांडून गेलं नाही. उंबरठ्यावर पोचून ती थांबली. आम्ही पाचजण तिच्या पाठीमागे उभे, पाणी अजून कुणालाच दिसलेलं नव्हतं. ती बराच वेळ हललीच नाही. मग आमची आठवण झाल्यासारखी ती एक पाऊल बाजूला सरकली.