यादीत नसलेला फोन: पाइनफोनवर कॉल सुरू करताना आलेला माझा अनुभव

पाइनफोन, लिब्रेम ५ किंवा दुसरा कुठलाही लिनक्स फोन (अँड्रॉइडऐवजी संगणकावरचं मुक्त लिनक्स चालवणारा) घ्यायचं मनात असेल, तर प्रोसेसर, रॅम, कॅमेरा हे सगळं नंतर बघा. आधी आपल्या सिम कंपनीला एवढंच विचारा, की त्यांच्या यादीत नसलेल्या हँडसेटवर व्होल्टीई (४जीवरूनच कॉल करण्याची सोय) सुरू होतं का. आणि उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. कॉल लागेपर्यंत मला जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून गेलेला नाही. निदान दुसऱ्या कुणाचा तरी तो वाचावा म्हणून सगळं लिहून काढते आहे.

सॉफ्टवेअर चढवण्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. जम्पड्राइव्ह या छोट्या मदतनीस प्रणालीची इमेज मायक्रोएसडी कार्डवर टाकली, फोन त्या कार्डावरून सुरू केला आणि केबलने संगणकाला जोडला. फोनच्या आतली साठवण, म्हणजे ईएमएमसी, साध्या डिस्कसारखी समोर आली, तिच्यावर मोबियन हे फोनसाठीचं लिनक्स लिहून टाकलं. पाइनफोन सुरू होताना आधी एसडी कार्ड बघतो, त्यामुळे आतलं काही बिघडलं तरी फोन हातचा जात नाही. वायफाय, ब्राउझर, टर्मिनल, फोश या त्याच्या पडद्यावरच्या मांडणीचा कीबोर्ड, सगळं एका बैठकीत मार्गी लागलं.

मग सिम घातलं. ४जी डेटा लगेच आला, एसएमएसही येऊ लागले. कॉल मात्र लागेना. नंबर फिरवला की क्षणभर कॉल जातोय असं दिसायचं आणि लगेच तुटायचा. मला कुणी फोन केला, तर त्यांना मी संपर्क क्षेत्राबाहेर आहे असं ऐकू यायचं. आणि माझ्या हातातल्या फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या भरलेल्या!

कारण समजून घेतलंत तर पुढचं सोपं जाईल. ४जी नेटवर्कवर आवाजासाठी वेगळी वाट ठेवलेलीच नाही, तिथे सगळा डेटा. सुरुवातीच्या काळात कॉल आला की फोन तेवढ्यापुरता ३जी किंवा २जीवर उतरायचा आणि बोलणं संपलं की परत वर यायचा. याला सर्किट स्विच्ड फॉलबॅक म्हणतात. आता अनेक देशांत ३जी बंद झालं आहे, काही ठिकाणी २जीही, त्यामुळे खाली उतरायला जागाच उरलेली नाही. आवाज ४जीवरूनच न्यायचा तर व्होल्टीई लागतं, म्हणजे मोडेमला (फोनमधल्या नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाला) कंपनीच्या आयएमएस या कॉल सांभाळणाऱ्या यंत्रणेत वेगळी नोंदणी करावी लागते. ती झाली नाही, की डेटा धावतो आणि कॉल पडतो. माझं नेमकं हेच होत होतं.

२००७ साली आलेला ओपनमोकोचा निओ १९७३ आठवा, किंवा २००९चा नोकिया एन९००. दोन्ही लिनक्सवर चालायचे आणि दोन्हींवर कॉल लागायचे. तेव्हा मोडेमला हा नंबर लाव एवढी एक कमांड दिली, की पुढचं काम नेटवर्क करायचं. हँडसेट कुणी बनवला हा प्रश्न फारसा यायचा नाही. व्होल्टीईत तो आला, कारण प्रत्येक कंपनीच्या सेटिंग्ज वेगळ्या, आणि त्या मोडेमच्या बंद फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या, बाहेरच्यांना न दिसणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दडलेल्या. लिनक्स फोनची चर्चा निघाली की लोक कॅमेरा आणि बॅटरीवर तासन् तास बोलतात. खरा अडसर इथे आहे, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता सिम कंपनीकडे येते. त्यांच्या तक्रार अर्जात हँडसेटचा ब्रँड आणि मॉडेल भरणं सक्तीचं, आणि तेही दिलेल्या यादीतूनच निवडायचं. यादीत पाइनफोन बनवणारी पाइन६४ नाही. ‘इतर’ असा पर्यायही नाही. मॉडेल निवडल्याशिवाय पुढे जायचं बटण दाबलं जात नाही. भलत्याच फोनचं नाव टाकून अर्ज रेटायचा हे मला पटेना, कारण मग उत्तरही त्या भलत्या फोनबद्दलच येणार. म्हणून जुन्या फोनवरून कस्टमर केअरला कॉल केला.

‘मॅडम, सेटिंग्जमध्ये जाऊन व्होल्टीईचं बटण ऑन करा.’

माझ्या फोनमध्ये ते बटणच नाही, म्हटलं.

‘मग सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या.’

अपडेट केलेलंच आहे.

‘सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा.’

घातलं, कॉल लागला. ‘म्हणजे सिम व्यवस्थित आहे,’ असं म्हणून तक्रार बंद. पाठोपाठ मेसेज: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. पुन्हा नोंदवावी, तर नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक आणि पुन्हा तेच बटण. आधीचं सगळं बोलणं त्यांच्यासमोर नोंदलेलं असतं, तरी सुरुवात पहिल्यापासूनच. त्या वाट बघायला लावणाऱ्या संगीताची धून मला अजून पाठ आहे. सिम माझं, पैसे मी भरते, मोडेम त्यांच्याच बँडवर त्यांचाच डेटा आणतो, आणि बोलता येणार की नाही हे ठरवणार अर्जातली एक यादी. याची चीड मला आजही येते, आणि ती यावीच असं मला वाटतं.

गाडी पुढे सरकली ती प्रश्न बदलल्यावर. ‘माझा फोन चालत नाही’ हे वाक्य मी बोलायचंच थांबवलं. त्याऐवजी दोन गोष्टी विचारल्या: या नंबरवर व्होल्टीई प्रोव्हिजन केलेलं (कंपनीकडून चालू केलेलं) आहे का, आणि माझ्या आयएमईआयला (उपकरणाच्या ओळख क्रमांकाला) आयएमएस नोंदणी नाकारली जाते आहे का? समोरच्याकडे याचं ठरलेलं उत्तर नव्हतं, त्यामुळे प्रश्न तांत्रिक विभागाकडे गेला. तिथल्या अभियंत्याचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी माझं पूर्ण ऐकून घेतलं.

त्यांनी सांगितलं, की त्यांच्या पडद्यावर माझं उपकरण मोबाइल फोन म्हणून दिसतच नाही, मोडेम मॉड्यूल म्हणून दिसतं. आयएमईआयचे १५ आकडे असतात आणि त्यातले पहिले ८ म्हणजे टॅक, म्हणजे उपकरणाचा प्रकार सांगणारा कोड. पाइनफोनमध्ये क्वेक्टेलचा ईजी२५-जी हा तयार मॉड्यूल बसवलेला आहे. तो मुळात यंत्रांना नेटवर्कवर आणण्यासाठी बनवलेला, आणि आयएमईआय त्याचाच. यंत्राला बोलायचं कशाला, असा हिशेब करून त्यांच्या प्रणालीने आवाजाची सेवा आपोआप बंद ठेवली होती. अभियंत्याने माझ्या नंबरपुरती ती सुरू करून दिली. असा माणूस त्या ड्रॉपडाउनच्या पलीकडे बसलेला होता, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायची सरळ वाटच कंपनीने ठेवलेली नव्हती.

इथेच एक गोष्ट ठामपणे सांगते. यादीतल्या एखाद्या फोनचा आयएमईआय आपल्या मोडेममध्ये टाक, असा सल्ला मिळेल. अजिबात करू नका. अनेक देशांत तो सरळ गुन्हा आहे, आणि आपली बाजू खरी असताना ती अशी कमकुवत करायची काही गरज नाही.

त्यांच्या बाजूने दार उघडलं, तरी माझ्या बाजूचं काम उरलं होतं. मोडेमच्या आत एमबीएन नावाच्या प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्जचे तयार संच, असतात, वेगवेगळ्या सिम कंपन्यांच्या. क्यूएमबीएनसीएफजी ही कमांड ‘लिस्ट’ जोडून दिली की त्यांची यादी मिळते. मोडेम सिम ओळखून आपणहून एक प्रोफाइल निवडतो. माझ्या कंपनीची प्रोफाइल आत नव्हतीच, आणि त्याने भलतीच उचलली होती. आपोआप निवड बंद केली, ‘आरओडब्ल्यू जेनेरिक ३जीपीपी’ ही सर्वसाधारण प्रोफाइल लावली, क्यूसीएफजी कमांडने आयएमएस १ केलं आणि मोडेम रीसेट केला.

रीसेटनंतर धीर धरा. हा मोडेम म्हणजे फोनच्या आतला दुसरा संगणकच आहे. त्याच्या पोटात क्वालकॉमची वेगळी चिप आहे आणि तिच्यावर वेगळं लिनक्स चालतं, म्हणून तो उठायला वेळ घेतो. मधेच घाईने पुन्हा रीसेट केलात तर पहिल्यापासून वाट बघावी लागेल.

मग क्यूसीएफजीलाच आयएमएसची स्थिती विचारायची. उत्तरात दोन आकडे येतात. पहिला १ म्हणजे आयएमएस सुरू करायला सांगितलेलं आहे. दुसरा १ म्हणजे व्होल्टीई खरोखर तयार आहे. माझ्याकडे कितीतरी वेळ ‘१, ०’ येत राहिलं. शेवटी मोडेममधल्या एपीएनच्या, म्हणजे नेटवर्कला कुठल्या वाटेने जोडायचं त्याच्या, नोंदी उघडून पाहिल्या, तर ‘आयएमएस’ नावाची नोंदच नव्हती. ती घातली, रीसेट केलं, थांबले, पुन्हा विचारलं: ‘१, १’.

लगेच धाकट्या बहिणीला फोन लावला. रिंग गेली. ‘हॅलो, ताई? हा कुठल्या फोनवरून बोलतेस?’ मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. ज्याचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मी वाचू शकते, ज्याची बॅटरी मी हाताने काढू शकते, त्या फोनवरून बोलत होते, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटला. तिला माझ्या आवाजासोबत तिचाच आवाज परत ऐकू येत होता. इअरपीसचा आवाज आणि माइकचा गेन (आवाज टिपण्याची तीव्रता) थोडा कमी केल्यावर ते थांबलं.

आता आठवतील तशा बाकीच्या गोष्टी. मोडेम मुळात दिसतच नसेल, तर कमांडच्या मागे लागण्याआधी मागचं झाकण उघडा. नख कोपऱ्यातल्या खाचेत घालून उचललं की झाकण निघतं. आत ओळीने सहा इवलेसे स्विच आहेत. बोटाने हलत नाहीत, टूथपिक लागते. पहिला मोडेमचा, पुढे वायफाय, माइक, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा, आणि सहावा हेडफोनचा. सहावा बंद केला तर हेडफोनच्या भोकातून सिरियल कन्सोल (संगणकावरून केबलने फोनचे आतले संदेश बघायची सोय) मिळतो, आणि फोन सुरूच होत नसेल तेव्हा त्याचा फार उपयोग होतो. लिब्रेम ५ला असे स्विच बाहेर कडेलाच आहेत, तीन. शिवाय त्याचा मोडेम एम.२ या काढता-घालता येणाऱ्या कार्डावर आहे, म्हणजे बदलता येतो. पाइनफोनचा बोर्डावरच झाळलेला आहे, त्यामुळे व्होल्टीईची चौकशी त्याच्या बाबतीत आणखी आधी व्हायला हवी.

नवा फोन आला की बॅटरीच्या टोकांवरची प्लास्टिकची पट्टी काढायची असते. ती तशीच राहिली तर फोन मेल्यासारखा पडून राहतो.

कॉल पक्के लागत आहेत याची खात्री होईपर्यंत दुसरा साधा फोन जवळ ठेवा. आणीबाणीत हाच फोन लागेल या भरवशावर घरातल्या वयस्कर माणसांना ठेवू नका. फोन झोपलेला असताना कॉल आला तर मोडेम त्याला उठवतो, पण उठायला क्षणभर लागतो, म्हणून ओळखीच्या लोकांना सांगून ठेवा की रिंग थोडी जास्त वेळ जाऊ द्या. झोपेत बॅटरी वाचते ती क्रस्ट या मुक्त फर्मवेअरमुळे. ते पाइनफोनच्या ऑलविनर ए६४ या मुख्य चिपमधल्या छोट्या जादा कोअरवर चालतं आणि मुख्य कोअर बंद असताना पहारा देतं.

मोडेमसाठी समुदायाने तयार केलेलं फर्मवेअर मिळतं. त्यातलं लिनक्स पूर्ण उघडं आहे, फक्त रेडिओचा भाग आणि त्याच्या आसपासचे काही तुकडे अजून बंद आहेत. मी ते टाकलं आहे आणि मला ते मूळ फर्मवेअरपेक्षा जास्त स्थिर वाटतं. मात्र फर्मवेअर बदललं की एमबीएन प्रोफाइल आणि आयएमएसचे दोन आकडे लगेच तपासा. सिम कंपनीच्या अभियंत्याने तुमच्या नंबरवर काय बदल केला, तेही त्याच्याकडून तक्रार क्रमांकासह लेखी मागून ठेवा. सिम बदललं किंवा प्लॅन बदलला की तो बदल पुन्हा मागावा लागू शकतो, आणि तेव्हा ते पत्र दाखवलं की तांत्रिक विभागाशी थेट बोलणं होतं.