पावती क्रमांक फाइलमध्ये टिकवताना

दादरमधल्या एका दुकानासाठी सी या प्रोग्रामिंग भाषेत पावती छापणारा छोटा प्रोग्राम लिहिला. मशीन लिनक्सचं. शेवटचा पावती क्रमांक एका फाइलमध्ये ठेवायचा. अट एकच: प्रोग्राम बंद पडो की वीज जावो, 1042 देऊन झाला की तो परत येता कामा नये, पुढचाच आला पाहिजे.

पहिला घोळ एफओपनच्या, म्हणजे फाइल उघडणाऱ्या फंक्शनच्या, मोडचा (फाइल कशासाठी उघडायची ते). 'डब्ल्यू प्लस' दिलं की फाइल उघडताक्षणी रिकामी. जुना आकडा वाचायच्या आधीच गेला. 'ए प्लस'मध्ये एफसीकने (फाइलमधली जागा बदलणारं फंक्शन) कितीही मागे जा, मजकूर शेवटीच पडतो आणि 10421043 तयार होतं. उरलं 'आर प्लस'. फाइल नसेल तर त्यात नल (रिकामं उत्तर, म्हणजे फाइल उघडली नाही) मिळतो, पण नल मिळाला म्हणून लगेच 1 पासून सुरू करू नका. परवानगी नसली तरी नलच येतो. एरनो, म्हणजे त्रुटीचं कारण सांगणारा कोड, ईएनओईएनटी ('फाइल नाही') असेल तरच 1, नाहीतर थांबायचं. पाथही (फाइलचा पत्ता) पूर्ण द्या. मी नुसतं फाइलचं नाव दिलं होतं. डेस्कटॉपच्या आयकॉनवरून चालवल्यावर चालू फोल्डर वेगळं निघालं आणि क्रमांक परत 1 वर आला.

वाचल्यानंतर लिहिण्याआधी रिवाइंड (फाइलच्या सुरुवातीला परत जाणं) हवंच. पण एप्रिलमध्ये नव्या आर्थिक वर्षासाठी क्रमांक 1 केला, तरी फाइलमध्ये 1042 च दिसत राहिला. कारण साधं: पहिल्या अंकावर 1 लिहिला गेला, मागचे 042 तसेच राहिले. दहा अंकांची ठरावीक रुंदी ठेवली की हे होत नाही.

खरी परीक्षा विजेची. पावसात इमारतीचा मेन स्विच पडतो, तेव्हा प्रोग्रामजवळचा मजकूर पुढे ढकलणारं एफफ्लश पुरत नाही; त्याने आकडा फक्त कर्नलपर्यंत (लिनक्सचा गाभा) पोहोचतो, डिस्कवर नाही. म्हणून आता जुनी फाइल 'आर'मध्ये नुसती वाचतो. नवा आकडा त्याच फोल्डरमधल्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून एफफ्लश, एफसिंक (डिस्कवर लिहायला लावणं), एफक्लोज, मग रिनेम (तात्पुरत्या फाइलला मूळ नाव देणं), शेवटी फोल्डरवरही एफसिंक. प्रत्येकाचं उत्तर तपासतो. त्यामुळे फाइलमध्ये जुना आकडा असतो किंवा नवा, अर्धवट काही नाही.

प्रोग्राम दोन विंडोंत उघडला तर दोघांनाही 1043 मिळतो. वाचण्याआधी एफलॉक (फाइलवरचं कुलूप) लावा, पण वेगळ्या लॉक फाइलवर; रिनेमनंतर मूळ फाइलच बदललेली असते, तिच्यावरचं कुलूप कुचकामी ठरतं.

आणि आधी क्रमांक साठवायचा, मगच पावती छापायची. मधेच वीज गेली तर एखादा क्रमांक गळेल, ते चालतं. एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या गिऱ्हाइकांच्या हातात गेल्या तर हिशेब लागत नाही.