शॅम कोण, ब्लो-इन कोण

ट्यूम, काउंटी गॉलवे, आयर्लंड. सोमवार, 27 ऑक्टोबर 2025.

आज बँक हॉलिडे. शनिवारी रात्री घड्याळं तासभर मागे गेली, त्यामुळे संध्याकाळी पाचलाच अंधार. दिवसभर धड पाऊस नाही आणि धड उघडीपही नाही. याला इकडे ‘सॉफ्ट डे’ म्हणतात. भेटला माणूस की ‘सॉफ्ट डे’ म्हणायचं, त्यानेही ‘सॉफ्ट डे’ म्हणायचं, की झाली विचारपूस.

सकाळी रिकाम्या बाटल्या द्यायला सुपरमार्केटात गेले. फेब्रुवारी 2024 पासून प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन परत केले की पैसे मिळतात, लहान बाटलीला 15 सेंट, मोठीला 25. मशीन एकेक बाटली गिळतं आणि मधेच एखादी तोंडातून बाहेर काढतं. तोवर मागे रांग वाढत जाते. बँकांच्या शाखा कमी झाल्या, पोस्टात जायचं कारण उरलं नाही, तेव्हा गावाच्या गप्पांचा अड्डा हल्ली हे मशीनच झालंय. आज विषय एकच होता. शनिवारी निकाल लागला आणि कॅथरीन कॉनली राष्ट्राध्यक्ष झाल्या. आमच्या गॉलवेच्या. मतदान करणारे, न करणारे, मुद्दाम मतपत्रिका बाद करून आलेले, सगळेच एकदम हुशारीत. मला कुणीतरी विचारलं, तू कुणाला दिलंस? म्हटलं, नागरिकत्व नाही, राष्ट्राध्यक्षांसाठी मला मत नाही. कौन्सिलच्या निवडणुकीत मात्र आहे, इथे राहणाऱ्या कुणालाही असतं. हे पलीकडच्या बाईंना आजवर ठाऊकच नव्हतं. ‘म्हणजे आमच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांना तूही जबाबदार!’ म्हणाल्या.

तेवढ्यात मागून कुणीतरी कुणाला तरी ‘वेल, शॅम!’ अशी हाक मारली.

ही हाक म्हणजे ट्यूमची खूण. शॅम म्हणजे अस्सल ट्यूमचा गडी. गॉलवे शहरातली माणसं आम्हा सगळ्यांनाच ‘शॅम’ म्हणतात, जरा चेष्टेने, पण इथले लोक ते अभिमानाने मिरवतात. मी कोल्हापूरकडची. ‘काय भावा’ आणि ‘नाद खुळा’ ऐकत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ‘टोम’ म्हणजे लय भारी. ‘फीक’ म्हणजे देखणी पोरगी, ‘ब्योर’ म्हणजे बाई. ‘आर यू वाइड?’ म्हणजे डोक्यात शिरलं का, आणि ‘स्टे वाइड’ म्हणजे सांभाळून रहा, बघतायत. आणि गावाबाहेरचा, चिखलाच्या बुटांनी येणारा शेतकरी तो ‘बफर’.

हा शब्दकोश मला शेजारच्या आजोबांनी दिला. ते ऐंशीच्या पुढचे. नावाने हाक मार म्हणतात. एवढ्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारताना माझी जीभ अडते, म्हणून मी हाकच मारत नाही, एकदम बोलायलाच सुरुवात करते. रेडिओवर सकाळी मृत्यूच्या बातम्या लागतात, कोण गेलं, पार्थिव कुठे ठेवलंय, चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मास, किती वाजता, त्या ऐकल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. या देशाला भारतीय वंशाचा पंतप्रधान मिळाला होता ही गोष्ट ते मला अजूनही नवीन बातमी असल्यासारखी सांगतात. लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव मालवणजवळचं वराड, आम्हाला त्यासाठी घाट उतरून जावं लागतं, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. त्यांच्या लेखी लिओ माझा चुलतभाऊच.

आमची मैत्री जमली ती मात्र साखरेवरून. 1934 मध्ये ट्यूमला साखर कारखाना सुरू झाला, सरकारी. ऊस इथे कुठला, बीटची साखर. बीट म्हणजे आपल्या कोशिंबिरीतलं लाल नव्हे, हे पांढरं, मुळ्यासारखं पण गलेलठ्ठ. ऑक्टोबरमध्ये काढणी सुरू झाली की जो हंगाम चालायचा त्याला ते ‘कॅम्पेन’ म्हणतात. म्हटलं, आमचा गळीत हंगाम. मग काय, बोलणं थांबेना. ट्रॅक्टर-ट्रेलरच्या रांगा, रात्रपाळ्या, गावभर पसरलेला तो उग्र गोडसर वास. बीट पाण्याच्या पाटांतून वाहत आत जायचं, धुवायचं, त्याच्या चकत्या पडायच्या, गरम पाण्यात त्यातली साखर उतरायची. उरलेला चोथा शेतकरी गुरांसाठी परत न्यायचे. आजोबा त्या पाटांवर होते. हिवाळ्यात पाण्यात हात घालून अडकलेलं बीट सोडवायचं काम, बोटं अजून वाकडी आहेत.

आणि ‘टेअर’! बीटला चिकटलेली माती आणि पाला यांचं वजन एकूण वजनातून वजा करायचं, त्याला टेअर म्हणतात. किती वजा करायचं ते कारखान्याचा माणूस नमुना बघून ठरवणार आणि दारात उभा शेतकरी म्हणणार, लुटलं. मी खो खो हसले. आमच्याकडे काटामारीवरून अण्णांची दरवर्षी कारखान्याच्या माणसांशी हीच भांडणं. आठ हजार किलोमीटरवर आणि वेगळ्या पिकात, पण शेतकऱ्याचा काट्यावरचा अविश्वास जसाच्या तसा.

कारखाना ऐंशीच्या दशकात बंद पडला. पुढे देशातले उरलेलेही गेले, शेवटचा मॅलो गावातला, 2006 मध्ये. आज आयर्लंडमध्ये साखर होत नाही. आजोबांचं म्हणणं, शॅमची बोली तिथूनच मरायला लागली. मला हे पटतं. एकाच भोंग्यावर कामाला जाणारी, एकाच रस्त्यावरून चालत परतणारी माणसं असली की बोली टिकते. आता 2017 पासून मोटरवे आहे. सकाळी सातला अर्धं गाव एम-17 वर गॉलवेच्या दिशेने, प्रत्येकजण आपापल्या गाडीत एकटा. मीही त्यातलीच. गॉलवेत भाडं परवडत नाही म्हणून इथे घर घेतलेल्या माणसाने बोली मेल्याबद्दल गळा काढावा हेही जरा मजेशीरच. रेल्वेचं म्हणाल तर प्रवासी गाड्या 1976 लाच थांबल्या. 2024 च्या रेल्वेविषयक अहवालात ट्यूमवरून जाणारा अथेनरी ते क्लेरमॉरिस मार्ग पुन्हा सुरू करा अशी शिफारस आहे, तेव्हापासून रांगेत रेल्वे हा पेटंट विषय. रूळ तेवढे गवतात पडून आहेत.

पण मला या बोलीत खरा रस वाटतो तो वेगळ्याच कारणाने. हे शब्द आले कुठून? ‘टोम’, ‘ब्योर’ असे बरेचसे ट्रॅव्हलर लोकांच्या बोलीतले. पिढ्यान्‌पिढ्या गाडे घेऊन फिरणारा, कल्हई-पत्र्याची कामं आणि घोड्यांचा व्यापार करणारा हा समाज. त्यांची स्वतःची भाषा आहे, तिला ते कॅन्ट किंवा गॅमन म्हणतात. त्यात काही आयरिश शब्द चक्क उलटे केलेले आहेत. ‘कालीन’ म्हणजे मुलगी, तिचं झालं ‘लॅकीन’. ‘डोरस’ म्हणजे दार, त्याचं ‘रोडस’. आपल्या शाळेतल्या च-च्या भाषेसारखी युक्ती, पण पोरखेळ म्हणून नव्हे. पोलिस आणि गिऱ्हाईक समोर असताना आपसात बोलण्यासाठी.

गावाने ते शब्द घेतले आणि त्याच कामाला लावले. बाजाराच्या दिवशी बफर दुकानात उभा असताना त्याला कळू नये असं बोलायला. शब्द घेतले, माणसं मात्र उंबऱ्याबाहेरच. ट्यूममध्ये ट्रॅव्हलरांची वस्ती पुष्कळ आहे. बहुतेकजण आता पक्क्या घरांत राहतात. मार्च 2017 मध्ये सरकारने त्यांना स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली, 2022 च्या जनगणनेत देशभरात 32,949 जणांनी तशी नोंद केली. आणि तरी त्यांच्याकडे लग्न असलं की पबवर ‘आज खासगी कार्यक्रम’ अशी पाटी लागलेली मी पाहिली आहे. आत कार्यक्रम वगैरे काही नव्हता. टोम पिंट म्हणत टोम पिंट मारणारी चार माणसं होती. मी एकदा आजोबांना हे छेडलं. ते म्हणाले, ‘उद्या उघडेल बहुतेक, वारा वळलाय.’ हवामानावर जाणं ही इथली सर्वांत पक्की कडी.

असंच हवामान दुसऱ्या एका विषयावरही येतं. डब्लिन रोडजवळच्या वसाहतीत जुलैपासून उत्खनन चालू आहे. 1925 ते 1961 तिथे लग्नाआधी आई झालेल्या मुलींसाठी, त्यांच्या बाळांसाठी नन्सनी चालवलेलं ‘होम’ होतं. गावातल्याच कॅथरीन कॉर्लेस यांनी घरच्या टेबलावर बसून, मृत्यूचे दाखले एकेक विकत घेत, तिथे मेलेल्या 796 मुलांची यादी केली. दफनाची नोंद जवळजवळ कुणाचीच नाही. होममधली मुलं शाळेत उशिरा यायची आणि लवकर निघायची, इतरांत मिसळू नयेत म्हणून. त्यांनाही शब्द होता, ‘होम बेबीज’. कॉर्लेसबाईंनी स्वतः सांगितलंय, लहानपणी त्यांनी अशाच एका मुलीला गोळीचा रिकामा कागद गुंडाळून दिला होता, गंमत म्हणून. ती मुलगी गोळी समजून धावली. पुढे आयुष्यभर तो कागद त्यांना सुटला नाही. बाकी गावात मी हा विषय काढत नाही. कुणी काढला तर ऐकते. काढतात तेव्हा आवाज आपोआप खाली जातो, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘माझ्या आईला माहीत असणार.’ एवढंच.

शॅम, बफर, होम बेबी. या गावाने माणसांची अशी मांडणी करून ठेवली आहे आणि त्यात आमच्यासाठीही एक खण आहे, ‘ब्लो-इन’. वाऱ्याने येऊन पडलेला. चाळीस वर्षं राहिलात तरी ब्लो-इनच. यात विखार नसतो, डब्लिनहून आलेला डॉक्टरही ब्लो-इन. पण या उन्हाळ्यात तो शब्द कानाला जरा टोचला. जुलैत डब्लिनच्या टॅला भागात एका भारतीय माणसाला जबर मारहाण झाली, मागोमाग आणखी बातम्या आल्या, वकिलातीने काळजी घ्यायची सूचना काढली. गावाकडून आईचे रोज फोन. ‘अंधार पडायच्या आत घरी येत जा.’ तिला कसं सांगू, हिवाळ्यात इथे पाचलाच अंधार पडतो, मग मी नोकरी कधी करू? ट्यूममध्ये मला कुणी काही म्हटलेलं नाही. उलट त्या आठवड्यात रांगेतल्या दोन बायकांनी मुद्दाम थांबून ‘यू ऑल राइट, लव्ह?’ विचारलं, आणि एकीने रताळ्याएवढे बटाटे हातात कोंबले. तरी रात्री गाडीतून उतरताना मी मागे वळून बघायला लागले होते, हेही लिहून ठेवते.

दुपारी लेक खेळून आली. इथे तिचा गेलिक फुटबॉल चालतो, मुलींचा संघ. बूट बाहेर काढायचं भान नाही, स्वयंपाकघरात चिखल आणि तोंडात ‘टोम मॅच होती, शॅम!’ मी म्हटलं, चल, याचा निकाल लावू, तू शॅम की नाही. शेजारी गेलो. हॅलोवीन आलंय, त्यामुळे बार्मब्रॅक कापलेला होता, तो मनुकांचा ब्रेड ज्यात अंगठी घालतात. लेकीचं लक्ष अंगठीवर.

आजोबांनी नियम सांगितला, अगदी कोर्टात सांगावा तसा. जन्म ट्यूममध्ये झाला पाहिजे, गावाच्या हद्दीत. गॉलवेचे जुने गेलिक फुटबॉलपटू शॉन परसेल आणि फ्रँक स्टॉकवेल शॅम, 1956 च्या फायनलमध्ये स्टॉकवेलने कॉर्कवर दोन गोल आणि पाच पॉइंट मारले, हे तर झालंच. पुढे?

मी म्हटलं, गावात बाळंतपणाची सोय आहे कुठे आता? सगळ्या बायका गॉलवेला जातात. तुमची नातवंडं गॉलवेचीच जन्मलेली. माझी लेकसुद्धा तिथलीच, त्याच वॉर्डात. तुमच्या नियमाने नवीन शॅम जन्मायचेच बंद झालेत.

आजोबा गप्प. ब्रेडला लोणी लावायला लागले. आतून आजी ओरडल्या, ‘नियम कुणाला सांगतोयस? तुझा स्वतःचा जन्म मिलटाउनच्या शेतावरचा! आख्खा बफर तू!’

‘मी सहा महिन्यांचा होतो इकडे आलो तेव्हा,’ आजोबा म्हणाले.

‘ब्लो-इन,’ आजी.

लेकीला अंगठी मिळाली नाही, ती आजींच्याच तुकड्यात निघाली. येताना आजोबांनी त्यांच्या बाटल्यांची पिशवी माझ्याकडे दिली, पुढच्या खेपेला तुझ्या बाटल्यांबरोबर टाक म्हणून. उद्या सातच्या आत निघायला हवं, सुट्टीनंतरचा एम-17 म्हणजे विचारू नका.