तुम्ही विचारलंत म्हणून: उपदेश हवाच कशाला?

‘पाळकसाहेब, गीतं आहेत, प्रार्थना आहे, प्रभुभोजन आहे. मग चाळीस मिनिटांचा उपदेश हवाच कशाला? चांगले संदेश मोबाइलवर ऐकता येतात की.’ इतक्या जणांनी विचारलंय, की आता लिहूनच टाकतो.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. बायबलमधलं रोमकरांस 10:17, विश्वास ऐकण्याने होतो. एज्रा शास्त्र्याच्या काळी मोशेचं नियमशास्त्र नुसतं वाचलं नाही, लोकांना अर्थही उलगडून सांगितला (नहेम्या 8). 1530 च्या ऑग्सबर्ग विश्वासनाम्याने, म्हणजे लूथरपंथीयांनी मांडलेल्या श्रद्धेच्या निवेदनाने, तर मंडळीची (चर्चची) ओळखच शुभवर्तमानाची शुद्ध शिकवण आणि संस्कारांचं योग्य पालन यांवरून ठरवली. हे सगळं मी आजही मानतो. पण हे उत्तर देणाऱ्या माणसाने एका रविवारी काय केलं, तेही सांगायला हवं.

मत्तय 7:7 वर बोलत होतो. मागा म्हणजे मिळेल. तयारी चोख होती, आवाज लागला होता. विश्वासाने मागितलं की मिळतंच, असं मी तीनदा म्हणालो. तिसऱ्या बाकावर एक आई बसली होती. तिचा मुलगा जाऊन तीन आठवडे झाले होते. त्याच्यासाठी सगळ्या मंडळीने उपास धरून प्रार्थना केली होती, मीही केली होती. तिने बायबल मिटलं आणि कव्हरची चेन हळूहळू ओढली. तो आवाज मला पुलपिटावर ऐकू आला. तरी मी थांबलो नाही, पुढचा मुद्दा बाकी होता.

दारात तिने विचारलं, ‘‘मग माझाच विश्वास कमी पडला का?’’

वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं होतं आणि तो प्याला टळला नव्हता. मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. टिपणात नव्हतं.

महिन्याभराने तिच्या घरी जाऊन स्तोत्र 88 वाचलं, अंधारातच संपणारं. पदरचा एक शब्द जोडला नाही. ती रडली. म्हणाली, ‘‘हे त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात?’’

तुम्ही म्हणाल, बघा, नुसतं वाचन पुरलं. मीही बरेच दिवस तेच म्हणत होतो, उपदेश दहा मिनिटांवर आणला होता. पण ती ‘सगळ्यांसमोर’ म्हणाली होती. मोबाइलवर बोलणाऱ्याला तिसऱ्या बाकावर कोण आहे ते माहीत नसतं. मला माहीत होतं, तरी चुकलो. तेव्हा हा मुद्दाही धडपणे माझ्या बाजूचा नाही.

मत्तय 7 वर त्यानंतर दोनदा बोललो, गेथशेमाने जोडून. दोन्ही वेळा ती आली होती. बायबल मांडीवर होतं. चेन उघडी होती की बंद, ते वरून दिसत नाही.