दिवेवाली पुन्हा रविवर्मांच्या नावावर: मधल्या पट्टीचा प्रयोग

मंडळी, दिवेवाली, म्हणजे हातात दिवा घेतलेल्या बाईचं ते चित्र, परत आली. या खेपेला आमच्या सोसायटीच्या गटावर: "राजा रविवर्मांचे जगप्रसिद्ध तैलचित्र, दिवा खरा वाटतो ना? शुभ सकाळ." एवढ्याने मी आताशा हलत नाही. पण चित्राखालची तीन वाक्यं माझी होती! बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड, काळोखात विरत जाणारी साडीची कड वगैरे, दिवाळीतल्या नोंदीतून शब्दन्‌शब्द उचललेली. मी बनवलेल्या कार्डाच्या तळाच्या पट्टीवर ठसठशीत अक्षरांत "सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जलरंग, १९४५-४६" लिहिलं होतं. तेवढी पट्टी कुणीतरी सफाईने उडवली. कार्ड माझं, वर्णन माझं, आणि चित्रकार मात्र चित्र काढलं जाण्याच्या सुमारे चाळीस वर्षं आधी वारलेला.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. दिवेवाली, म्हणजेच 'ग्लो ऑफ होप', हे चित्र सावंतवाडीच्या हळदणकरांचं. मुलगी गीता हिला हातात दिवा देऊन उभं केलं आणि कागदावर जलरंगात काढलं. त्या गीताताई २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. रविवर्मा गेले १९०६ मध्ये. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलासंग्रहात आहे, आणि घोळाचं एक मूळ मला तिथेच दिसतं. त्याच संग्रहात रविवर्म्यांची चित्रं आहेत. माणूस दालनांतून फिरतो, बाहेर आल्यावर एक दिवा आणि एक नाव लक्षात राहतं, आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात.

दुसरं मूळ छापखान्यात आहे, त्यावर आधी बरंच लिहून झालंय. 'रविवर्मा प्रेस' हे नाव चित्रकाराचं, पण मालकी १९०१ मध्ये फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली आणि रविवर्मा गेल्यावरही छपाई चालूच राहिली. चित्रकार म. वि. धुरंधरांची चित्रंसुद्धा तिथे छापली गेली. तळाला 'रविवर्मा' वाचलं की घरातली मंडळी चित्रकार ठरवून मोकळी. अशा तीन-चार पिढ्या गेल्यावर आपल्याकडे जुनं, देखणं आणि बाई असलेलं कुठलंही चित्र रविवर्म्यांचं होऊन बसलं, यात नवल नाही. पण जलरंगाला तैलचित्र म्हणणं मला नाव चुकण्यापेक्षा जास्त टोचतं. तैलरंगात उजेड वरून चढवता येतो. इथे तो कागदाचा कोरेपणा राखून मिळवलाय. एकदा काळोख सांडला की कागद परत उजळत नाही. त्या चित्राची सगळी करामत तिथेच आहे, आणि फॉरवर्ड नेमकी तीच खातो.

तर मूळ दुखणं तेच: श्रेय चित्राला चिकटून राहत नाही. आतापर्यंतचे उपाय तुम्हाला ठाऊक आहेत. कॅप्शन पहिल्याच उडीत गळतं. मेटाडेटात, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये दडलेल्या माहितीत, नाव, साल, माध्यम भरून पाहिलं. मेसेजिंग ॲप फोटो दाबून लहान करतं तेव्हा ते सगळं पुसलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर टिकतं, पण आजवर कुठल्या मावशीने शुभ सकाळ डॉक्युमेंट म्हणून पाठवली आहे? चित्रावर आडवा वॉटरमार्क मला मुळातच पसंत नाही. तो बघणाऱ्याला चोर समजतो, आणि चोर तो दोन मिनिटांत पुसतो. पुसून देणारी साधनं आता फोनमध्येच आहेत. उरली तळाची पट्टी, आणि ती अशी गेली.

स्क्रीनशॉट घेऊन ती कुठे कापली गेली ते मोजत बसलो. चित्राची कड आणि पट्टी यांच्यामध्ये मी शोभेची पांढरी रेघ ठेवली होती. कापणाऱ्याला मीच खूण आखून दिल्यासारखं झालं होतं.

याच सुमारास टेबलावर दुसरं काम पसरलेलं होतं. जुन्या बाजारातल्या काकांकडून घेतलेलं रविवर्म्यांच्या सरस्वतीचं छापील चित्र, त्यांच्या मते "ओरिजिनल, अठराशे शहाण्णव". काका दरवेळी चित्राचं साल कागदाला लावतात आणि किंमत त्या सालाची सांगतात. फ्रेम उघडली. भिंगाखाली दाणा बघून जीव भांड्यात पडला: ठिपके वेडेवाकडे, हाताने टिंबलेले, आजच्या ऑफसेट छपाईची ती एकसारखी फुलांची जाळी कुठेच नाही. वार्निश पिवळं पडलंय, वीणेजवळ फॉक्सिंग (जुन्या कागदावरचे तपकिरी डाग) आहे, पण कॅनव्हासचा उठाव शाबूत. लिथोच आहे, म्हणजे दगडावरून छापलेला. फ्लॅटबेड स्कॅनरवर मात्र घेऊ नका, उठावावर उजेड चमकून सगळं पांढरं होतं. खिडकीच्या तिरप्या उजेडात फोनने काढलेला फोटो त्यापेक्षा बरा आला.

आता मार्जिन. ते फ्रेमवाल्याने कधीच कापलंय. पण त्याने सुरी थोडी खाली धरली होती, त्यामुळे माउंटखाली (फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) छापील ओळीचा वरचा अर्धा भाग शिल्लक आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांची नुसती डोकी. माझ्याकडच्या अख्ख्या मार्जिनवाल्या लक्ष्मीची ओळ पारदर्शक कागदावर उतरवून त्यावर ठेवली. 'प्रेस'नंतर एक उभी दांडी, मध्ये बुटकी अक्षरं, मग पुन्हा एक उंच टोक, पुढे आणखी एक. 'कार्ला-लोणावळा'! अक्षरं मागेपुढे न होता चपखल बसली. म्हणजे छपाई मुंबईतली नाही. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं; प्लेगच्या दिवसांनंतर १८९९ च्या सुमारास तो कार्ल्याजवळ मळवलीला गेला. मूळ चित्र १८९६ चं असेल, पण हा कागद मळवलीचा. काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "मग आता परत देताय का?" देत नाही.

पण खरी गोष्ट त्या अर्ध्या ओळीकडे बघताना सुचली. फ्रेमवाले शंभर वर्षं हेच करत आलेत. प्रेसने नाव, शीर्षक, बऱ्याचदा मोतीबाजारातले चित्रविक्रेते अनंत शिवाजी देसाई यांचं नावसुद्धा तळाच्या पांढऱ्या पट्टीत छापलं, आणि देवघराच्या चौकटीत बसावं म्हणून ती पट्टी पहिली गेली. टिकली कुठली अक्षरं? चित्राच्या आत असलेली. कोपऱ्यातल्या दगडावर, रंगातच उतरवलेली सही कुणी कापली नाही, कारण ती कापायची तर पदर किंवा कमळही कापावं लागलं असतं.

म्हणून पहिला बेत असा केला: दिवेवालीच्या मागच्या काळोखात, तिच्या खांद्याच्या उंचीवर, भिंतीच्याच रंगापेक्षा जरा उजळ अक्षरांत नाव. 'एक टाइप' या संस्थेच्या 'मुक्त' फॉन्टमध्ये बसवलं. (देवनागरीत लहान आकारात वेलांट्या न तुटणारा फॉन्ट हवा असेल तर तो घ्या, शोभिवंत शिरोरेघांचे फॉन्ट दाबलेल्या फोटोत चिखल होतात.) दिसायला बरं दिसलं. मग रात्री पुन्हा उघडून पाहिलं आणि नको वाटलं. त्या काळोखात काहीही नसणं हेच तर चित्र आहे. तिथे मी कोण अक्षरं लिहिणारा? शिवाय हळदणकर १९६८ मध्ये गेले. आपल्या कायद्याने मृत्यूनंतरची ६० वर्षं मोजली तर हक्क २०२८ अखेरपर्यंत जिवंत आहे. रविवर्मा, धुरंधर यांच्याबाबतीत ती मुदत कधीच संपली. हळदणकरांचं अख्खं चित्र मोठ्या आकारात फिरवत राहणं मला तसंही पटेनासं झालं होतं. टीका-चर्चेसाठी तपशिलाचा तुकडा दाखवणं वेगळं. पुढे हीच चाल ठेवणार आहे.

त्यातून दुसरा बेत निघाला, आणि तो जमलाय असं वाटतंय. अख्खं चित्र द्यायचंच नाही. डावीकडे हळदणकरांचा फक्त हात आणि ज्योत, उजवीकडे माझ्या सरस्वतीच्या हाताचा भिंगातून घेतलेला फोटो. दोन हात शेजारी-शेजारी. एकात रंग पाण्यात विरघळलेला, दुसऱ्यात ठिपक्याठिपक्यांनी रचलेला. आणि मजकूर दोघांच्या मधल्या उभ्या पट्टीत: इकडे हळदणकर, जलरंग, १९४५-४६, तिकडे रविवर्मा प्रेस, लिथो, मळवली. मध्ये पांढरी रेघ नाही. पट्टीचा रंग डावीकडे चित्राच्या काळोखात आणि उजवीकडे वार्निशच्या पिवळटपणात मिसळत नेलाय, म्हणजे कापायला सरळ कड सापडत नाही. नाव काढायचं तर अर्धं कार्ड टाकून द्यावं लागेल, आणि गंमत दोन हातांच्या तुलनेत असल्यामुळे उरलेल्या अर्ध्यात काही मजा राहत नाही.

चौकोनी नको, उभं कार्ड करा. ग्रिडमध्ये कडा खाल्ल्या जातात, पण मधला भाग सुरक्षित राहतो. अक्षरांचा आकार ठरवताना कार्ड दोनदा स्वतःलाच फॉरवर्ड करून, मग स्क्रीनशॉट घेऊन, तो पुन्हा पाठवून पाहा. एवढं सोसून जे वाचता येतं तेच खरं.

चाचणीसाठी ते चुलतबहिणीच्या गटावर टाकलं. चार दिवसांनी नाशिकच्या मामांकडून माझ्याकडेच आलं. वर बॅटरी १४ टक्के दिसतेय, खाली कुणाचा तरी अंगठ्याचा इमोजी अर्धा कापलाय, पण मधली पट्टी अख्खी! मामांनी वर लिहिलंय, "हे रविवर्म्यांचं नाही म्हणे." त्या 'म्हणे'वर मी खूश आहे.

कुणी विचारेल, रिव्हर्स सर्चने, म्हणजे चित्रच देऊन, लोक स्वतः का शोधत नाहीत? शोधून पाहा. गूगल लेन्स तुम्हाला सारखी दिसणारी चित्रं आणि साड्यांची दुकानं दाखवतं, आणि शंभर पानांनी एकच चूक छापली असेल तर ती शंभरदा दाखवतं. टिनआय या चित्रशोधाच्या साइटवर 'सर्वांत जुनं आधी' असं लावता येतं, ते जास्त कामाचं. निदान चूक कुठल्या पानावरून निघाली त्याच्या जवळ तरी पोचता येतं. पण संग्रहालयाच्या नोंदीला पर्याय नाही.

हीच युक्ती पुण्याच्या दरबाराच्या चित्रावर लावायची असं ठरवलं होतं. ते "शनिवारवाडा, १७९०, प्रत्यक्ष पाहून काढलेले" म्हणून फिरतंय. इंग्रजांचा वकील मॅलेट आणि पेशवे सवाई माधवराव यांच्या १७९० च्या तहाचं ते चित्र काढण्याचं काम मुळात चित्रकार जेम्स वेल्सकडे होतं. वेल्स पुण्यात आला तोच तहानंतर, आणि १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल या दुसऱ्या चित्रकाराने १८०५ मध्ये ते पुरं केलं. आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. पण लिहिता लिहिता लक्षात येतंय की तिथे मधली पट्टी चालणार नाही. गर्दीचं चित्र आहे, मधोमध कापलं तर दरबारच दुभंगेल. तिथे चेहरे वेगळे काढावेत का? वेल्सने पुण्यात काढलेला नाना फडणवीस एकीकडे, डॅनियलचा दुसरीकडे. मग प्रश्न "प्रत्यक्ष कोणी पाहिलं" असा आपोआप उभा राहतो. हे आधी करतो. धुरंधरांच्या पोस्टकार्डांची मालिका त्यामुळे पुढे जाईल, वाट पाहणाऱ्यांनी रागावू नये.

तोवर एक काम. ज्यांच्याकडे पुण्याच्या चित्रशाळेचं रामपंचायतन मार्जिनसकट आहे त्यांनी तळाच्या पट्टीचा सरळ, बिनसावलीचा फोटो पाठवा. फ्रेम उघडणार असाल तर मागचा पुठ्ठा ओढू नका, आधी खिळे काढा. आणि फोटो कृपया डॉक्युमेंट म्हणून.